वारं समोरनं असतंय

लंडनवरनं पोरगा आला की माझा एक डोळा त्याच्या बॅगेवर असतो. मोठी बॅग म्हणजे मुक्काम, लहान म्हणजे पळायची घाई. या खेपेला लहान होती.

कसबा बावड्यात आमच्या घरावर वरचा मजला चढत होता, त्याच्याचसाठी. "दोन-चार वर्सात येतो की कायमचा," असं तोच म्हणालेला. त्या शब्दावर आम्ही विटा आणल्या. आता मात्र त्यानं नवा स्लॅब बघून न बघितल्यासारखं केलं. वर म्हणतो, "तुमच्याकडं लाईट लई जाते." तुमच्याकडं? मी कान टवकारले.

त्यात त्यानं मोबाइलवर तिकीट दाखवलं. येताना तिकडनं रात्री निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी. आणि परत जाताना? दुपारी निघाला की त्याच दिवशी संध्याकाळी पोच!

"का रं, विमान तेच, वाट तीच. आईबापाकडं यायलाच बरी रात उलटती, आन् जायला मात्र दिवस मावळायच्या आत पोचतोस?"

तो हसला. "आबा, तिथलं घड्याळ मागं असतंय. खरं तर जातानाच जास्ती येळ लागतो. वारं समोरनं असतंय."

"व्वा! घड्याळ खोटं आन् वारं खरं!"

आमची ही म्हणाली, "मन चिंती ते वैरी न चिंती. पोरगं आलंय तर गुमान बसा की." घड्याळाचं गणित मला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. पण कुठंतरी पाणी मुरत होतं.

गवंडी रोज विचारायचा, "जिना आतनं काढायचा का बाहेरनं?" घरच्या माणसाला जिना आतनं, भाडेकरूला बाहेरनं, आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी लेकाला विचारलं, तर म्हणाला, "तुम्हीच बघा." असं कुठं असतंय व्हय? स्वतःच्या घराचा जिना!

जायच्या दिवशी तो आईच्या पाया पडला आणि उंबऱ्यातनं "येतो" म्हणाला. मी गाडीपर्यंत गेलो, बॅग आत ठेवली. राग आला होता, आणि रडूही येत होतं.

पोचल्यावर त्याचा फोन आला. एरवी म्हणायचा, "आबा, लंडनला पोचलो." या वेळी आवाज एकदम मोकळा होता, दमलेल्या माणसाला अंथरूण दिसल्यावर होतो तसा.

"आबा, घरी पोचलो."

घरी? त्याला काय बोलला ते कळलंसुद्धा नव्हतं.

"बरं झालं," मी म्हणालो. "वारं हुतं का?"

"हुतं की. समोरनंच."

फोन ठेवला. गवंडी अंगणात वाळू चाळत होता. त्याला म्हटलं, "जिना बाहेरनं काढ."