लाल चिंधीची बरणी

धुक्यानं खिडकीच्या काचा पांढऱ्या करून टाकल्या होत्या. उजाडून बराच वेळ झाला तरी दिवा मालवायची सोय नव्हती, आणि दिवा असा दिवसाढवळ्या जळत राहिला की चिंधीकाकूंच्या डोळ्यांपुढं विजेचं बिल नाचायचं. निदान त्याचा उपयोग तरी व्हावा म्हणून त्या दिव्याखाली खुर्ची ओढून एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर उसवत बसल्या होत्या. उसवलेला दोरा टाकायचा नाही, बोटावर गुंडाळत न्यायचा. तोच पुढं कच्च्या टाक्याला. अस्तराचे धड तुकडे पिशवीत, विरलेले मशीन पुसायला, आणि पुसून पुसून ज्यांचा जीव गेला ते उशीत भरायला. उशी फाटली की तिचं काय करायचं, एवढा एकच प्रश्न त्यांच्या संसारात सुटायचा राहिला होता.

चिंधीकाकू हे नाव गल्लीनं त्यांना नवी नवरी असतानाच दिलं. "हिला मेलेल्या माणसाचा शर्ट दिला तर आधी बटणं मोजेल, मग रडेल," असं शेजारणी म्हणायच्या. काकू ऐकायच्या आणि खाली मान घालून टीप मारायच्या. मग मुलगा मोठा झाला, सून आली, आणि सुनेनं सासूचं कपाट उघडून बघितलं ती हरखूनच गेली. तिच्या भाषेत याला ‘शून्य कचरा’ म्हणत. ज्या सवयींपायी काकूंनी जन्मभर टोमणे खाल्ले, त्याच बघायला आता शिकल्यासवरल्या बायका घरी यायच्या आणि माना डोलवायच्या.

"अहो, पैसे नव्हते म्हणून करत होते," काकू सांगायच्या. त्यावर त्या बायका आणखीच खूश व्हायच्या.

सुनेनं कोपऱ्यावर दुकानही तसलंच काढलं. पिशवी नाही, कागद नाही, पावती नाही. साखरेपासून धुण्याच्या सोड्यापर्यंत सगळं मोठाल्या काचेच्या बरण्यांत सुटं. गिऱ्हाइकानं आपला डबा आणायचा आणि हवं तेवढं न्यायचं.

काकूंची ओली कात्री आदल्या रात्री मशीनच्या फळीवरच राहून गेली होती. त्या सकाळी कात्री उचलली तर लाकडावर काळाकुट्ट डाग. काकूंना ह्यांची पावडर आठवली.

हे म्हणजे त्यांचे कैलासवासी यजमान. फर्निचरला पॉलिश करायचे. लाकडातले लोखंडाचे काळे डाग काढायला त्यांच्याकडे एक पांढरी, खडीसाखर कुटल्यासारखी पावडर असायची. पाण्यात कालवून लावली की डाग नाहीसा. पोटात गेली तर मात्र विष. म्हणून ह्यांनी त्या बरणीच्या गळ्याला लाल चिंधी बांधलेली होती. लाल चिंधी म्हणजे तोंडाला लावायचं नाही. घरात सगळ्यांना माहीत होतं.

काकू स्टुलावर चढल्या. माळ्यावर बरणीच्या जागी धुळीत नुसतं एक गोल उरलं होतं.

बरणी सापडली ती स्वयंपाकघरात, भांड्यांच्या जाळीत, पालथी. लख्ख धुतलेली. आणि मागच्या दोरीवर, पायपुसण्याशेजारी, लाल चिंधी वाळत घातलेली.

परवाची दुपार डोळ्यांपुढं आली. त्या मशीनवर होत्या, घाईचं काम होतं. आतून सून ओरडली होती, "आई, माळ्यावरच्या बरणीत हे पांढरं काय आहे? लिंबूसत्व का? टाकून देऊ?" आणि काकूंनी मान न वळवता, मशीन न थांबवता उत्तर दिलं होतं, "टाकायचं काही नाही गं या घरात. वापर."

त्या तशाच निघाल्या. गळ्यात माप घ्यायची टेप, पायात दोन वेगवेगळ्या जोडांतल्या चपला. धुक्यात समोरचं माणूस अंगावर आल्याशिवाय दिसत नव्हतं. दोघातिघांना धक्के मारत त्या दुकानात शिरल्या.

"ती पांढरी पावडर काय केलीस?"

"कुठली, आई?"

"माळ्यावरची! लाल चिंधीची!"

"ती होय. लिंबूसत्वाच्या बरणीत ओतली की. तुम्हीच म्हणालात ना, वापर."

"अगं, लिंबूसत्व नव्हे ते. ह्यांचं पॉलिशचं सामान आहे. विष आहे!"

सुनेच्या हातातला मापाचा डाव तसाच हवेत राहिला. मग तिनं ती मोठी बरणी दोन्ही हातांनी फळीवरून उतरवली आणि काउंटरच्या खाली, अगदी आत, सरकवून दिली. जशी काही ती उठून पळणार होती.

"चिंधी बांधली होती ना तिला," काकू म्हणाल्या. "तीच तर खूण."

"मला कुणी सांगितलं होतं? मला वाटलं झाकण सैल आहे म्हणून बांधलीये."

घरात सगळ्यांना माहीत होतं. सगळे म्हणजे कोण? हे आणि त्या. मुलगा तेव्हा पाळण्यात होता. हे तर केव्हाच गेले.

"कुणी कुणी नेलं परवापासून?"

"नावं कुठं माहीत असतात, आई? पावती नाही, काही नाही. मी माणसं डब्यांवरून ओळखते." सुनेनं डोळे मिटून घेतले. "मधाची चौकोनी बाटली. ती समोरच्या माडीवरची नर्स. आणि… बिस्किटांचा पत्र्याचा डबा. एका कडेला पोचा आलेला."

"निळा?"

"निळा."

"पोस्टमन," काकू म्हणाल्या. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी तो म्हातारा पोस्टमनच होता. त्याच्या शर्टांच्या कॉलरी काकूच उलटून द्यायच्या. एक बाजू विरली की दुसरी.

नर्स रात्रपाळी करून झोपली होती. तिनं दार उघडलं तेव्हा केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. "नळ घासायला आणलं होतं हो. बोटं चरचरली तेवढी. काय झालं?" उरलेली बाटली घेऊन दोघी जिना उतरल्या. सुनेनं मोठा श्वास सोडला. काकूंना तो सोडता येईना.

पोस्टमनच्या दाराची कडी त्यांनी वाजवली. पुन्हा वाजवली. आत काहीच हालेना.

"बाहेर गेले असतील," सून म्हणाली.

"या धुक्यात? तो माणूस चपला झिजतील म्हणून बाहेर पडत नाही." काकूंनी मुठीनं दार बडवायला सुरुवात केली. एकटा माणूस, आत पडला असेल तर कळणार कुणाला? "अहो पोस्टमन! अहो!"

"आहे, आहे," आतून खोकत आवाज आला. "दार मोडू नका. त्या मापाचं आता मिळत नाही."

आतमध्ये संत्र्यांचा घमघमाट सुटला होता. बाजार उठताना कुणी घेत नाही ती मऊ पडलेली संत्री म्हातारा उचलून आणायचा आणि लिंबूसत्व घालून त्यांचा पाक करून ठेवायचा. टेबलावर पाकाच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या. शेजारी निळा डबा.

"यातलं प्यालात का तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"छे! आधीची बाटली संपल्याशिवाय नवी कशाला फोडीन?"

काकू निळा डबा उचलायला वळल्या. पण म्हातारा पुढं म्हणाला, "चमचाभर चव बघितली तेवढी, रात्री. जिभेला चरचरलं, म्हणून साखर वाढवली. का हो?"

त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"पोटात कसं वाटतंय?" सुनेनं विचारलं.

"आत्तापर्यंत बरं होतं. तुम्ही दोघी अशा बघायला लागल्यापासून कसंतरीच व्हायला लागलंय."

काकूंनी एक बाटली डॉक्टरला दाखवायला बाजूला काढली, बाकीच्या मोरीकडं उचलल्या. म्हातारा आडवा आला. "ओतता काय? एवढी साखर! एवढा गॅस! राहू देत, भांडी घासायला होईल."

काकूंच्या तोंडात ‘खरंच की’ आलेलं होतं. अगदी ओठांवर. पितळ काय लख्ख निघेल यानं! मग बाटल्या कपाटात जातील, कपाटाचा विसर पडेल, एक दिवस कुणी पाहुणा येईल.

"आम्हीही ती पावडर अशीच ठेवली होती," त्या म्हणाल्या. "होईल म्हणून."

आणि त्यांनी नळ पुरता मोकळा सोडून एकेक बाटली मोरीत पालथी केली. केशरी पाक भळाभळा निघाला. जन्मात त्यांनी एवढं काही टाकलं नव्हतं. म्हातारा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं लहान होती, पण तिनं कुणालाच रागावलं नाही. किती घेतलं, कधी घेतलं, लघवीला जळजळतंय का, एवढं विचारलं. तपासणीला पाठवलं आणि म्हाताऱ्याला खाटेवर झोपवलं. "चमचाभरच आहे, पण वय आहे. संध्याकाळपर्यंत इथंच राहू द्या. पाणी पाजत राहा."

काकू बाकावर बसल्या. दर थोड्या वेळानं उठून पडद्याच्या फटीतून बघायच्या, छाती वरखाली होतेय का. त्यांना वाटायचं, नाहीच होत. मग व्हायची.

"आता दुकान बंदच करावं लागेल," सून हळूच म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"दुकान बंद नाही करायचं. दारावर पाटी लाव. लिंबूसत्व नेलं असेल तर खाऊ नका, परत आणा. का, तेही लिही."

"तेही?"

"मला चिंधी म्हणाले लोक. मेले का मी?" एवढं बोलून त्या पुन्हा पडद्याशी गेल्या, कारण आत म्हातारा कण्हल्यासारखं वाटलं होतं. तो घोरत होता.

दिवेलागणीला डॉक्टरीण बाहेर आली. तपासणीत काही वावगं नव्हतं. उद्या पुन्हा दाखवायचं, काही वाटलं तर रात्रीही यायचं. पोस्टमन शर्टाची बटणं लावत होता. "हा पाणी प्यायचा कागदी पेला टाकणार का तुम्ही? मग मी नेतो," तो डॉक्टरणीला म्हणत होता.

त्याला घरी सोडून, शेजाऱ्याला रात्री डोकवायला सांगून दोघी परतल्या. जेवायच्या आधी काकूंनी सुनेला स्टुलावर चढवलं आणि माळा रिकामा करायला घेतला. सून एकेक बरणी खाली द्यायची.

"हे काय?"

"डिंक."

"हे?"

"मेण. ह्यांचंच. खायचं नाही."

"आणि हे?"

काकूंनी बरणी दिव्याकडं धरली. करड्या रंगाचं, बसलेलं काहीतरी. हलवलं, झाकणाचा वास घेतला. त्यांच्या घरातली वस्तू, त्यांच्या हाताखालून गेलेली, आणि काही म्हणता काही आठवेना.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

ती बरणी त्यांनी दाराशी, वेगळी ठेवली. सकाळी दवाखान्यात जायचंच होतं. अशा वस्तूचं काय करायचं ते डॉक्टरणीला विचारायचं होतं.

मुलाची कामावर घालायची पँट पलंगावर पडलेली होती, खालचा काठ पार झिजून सुटलेला. सकाळी त्याला तीच हवी होती. काकूंनी कान देऊन बाहेरची चाहूल घेतली. पोस्टमनकडून कुणी धावत तर येत नव्हतं? रस्ता शांत होता. त्यांनी पँट उलटी केली, काठ दुमडून नखानं दाबला आणि पायानं मशीन चालू केलं.