मस्कतहून आलेलं सांत्वन

नव्वदचं दशक संपत आलेलं तेव्हाची गोष्ट. मी डोंबिवलीत मानपाडा रोडला राहायचे आणि एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात टायपिस्ट होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एका जोडप्याने सायबर कॅफे काढलेला. पुढच्या खोलीत चार कॉम्प्युटर, मागे त्यांचा संसार. नवरा दिवसभर नोकरीवर, त्यामुळे काउंटरला बायकोच असायची. सगळे तिला वहिनी म्हणायचे. फारसं न बोलणारी बाई.

कामावरून सुटले की आठवड्यातून दोनदा मी तिथे खिडकीजवळच्या मशीनवर बसायचे. चॅटरूममध्ये मला एक मराठी नर्स भेटलेली, मस्कतला नोकरी करणारी. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो आम्ही. आज काय जेवलीस, ड्यूटी कशी झाली, असलं साधंच. मी खऱ्या नावानेच बोलायचे. टोपणनाव घ्यायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

एका संध्याकाळी मेसेंजर उघडला तर तिचा निरोप येऊन पडलेला. ‘काल तू आईच्या जाण्याबद्दल जे सांगितलंस, त्याने मला झोप लागली नाही. सावर स्वतःला. शेवटच्या वेळी पोचता आलं नाही, यात तुझी काय चूक?’

काल मी कॅफेत आलेच नव्हते. आणि माझी आई घरी होती, मी सकाळी तिच्याच हातचा डबा घेऊन निघालेले.

तरी घरापर्यंत जवळजवळ पळतच गेले. आई तांदूळ निवडत बसलेली. “काय गं, अशी काय बघतेस?” म्हणाली. मी सांगितलं तर हसली. “मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं माणसाचं.” पण दिवा लावताना त्या दिवशी ती देवापाशी जरा जास्त वेळ उभी राहिली.

दुसऱ्या कुणासाठीचा निरोप चुकून मला आला असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

मग नवरात्रात ठाण्याला मावशीकडे गेलेले, टेंभी नाक्याला. रविवारची दुपार होती. देवीला रांग मोठी म्हणून मावशीला घरी सोडलं आणि जवळच्या एका कॅफेत शिरले. नर्स ऑनलाइन होती. मी दोन शब्द लिहिले असतील नसतील, मेसेंजर आपोआप बंद झाला. समोर सूचना आली: तुम्ही दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरला आहात.

मी पुन्हा शिरले. पुन्हा बाहेर.

तिसऱ्यांदा घाईघाईने लिहिलं, ‘आईबद्दलचं ते मी लिहिलं नव्हतं. माझी आई जिवंत आहे.’

एक ओळ उमटली. ‘कोण आहेस तू?’

‘मीच.’

‘तू ती नाहीस. आईने शेवटच्या पत्रात काय लिहिलेलं, सांग.’

मला कुठून माहीत असणार? तेवढ्यात खिडकी परत बंद झाली. बाहेर लाउडस्पीकरवर आरती चाललेली. त्या क्षणी कुणीतरी कुठेतरी माझं नाव घेऊन बसलेलं होतं, आणि ते नाव खरं ठरलं होतं.

एरवी मी ते फक्त वहिनीच्या कॅफेतच उघडायचे, म्हणून दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून दोन वाजता डोंबिवलीच्या कॅफेवर पोचले. दुपारी तो बंद असायचा. खिडकीच्या ग्रिलमधून पाहिलं. वहिनी माझ्या मशीनवर बसलेली, एका बोटाने अक्षरं शोधत होती.

“वहिनी.”

तिचं बोट थांबलं. तिने उठून दार उघडलं.

“तुम्ही पासवर्ड त्यात ठेवूनच गेलेलात, ताई. मशीन पुसताना मेसेंजर उघडला. समोरून तिने विचारलं, जेवलीस का? मला असं कुणी विचारत नाही हो. मी हो लिहिलं.”

“आणि माझ्या आईला मारलंत?”

“तुमच्या नाही.” तिचे डोळे भरून आले. “माझी आई गेली, श्रावणात, गावाला. मी पोचले तोवर सगळं उरकलेलं. नाव तेवढं खोटं. बाकी एक अक्षर खोटं नाही लिहिलं.”

भांडायलाच गेलेले मी. पण ती खुर्ची सोडून बाजूला झाली आणि मी स्क्रीन वाचत गेले. प्रत्येक ओळीआधी माझं नाव, आणि त्यापुढे असं बोलणं, जे मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. वाचता वाचता मला तिची नाही, त्या नावाची भीती वाटायला लागली.

“तुम्हीच वापरा,” म्हटलं. “मी दुसरं घेईन.”

“तिला सांगणार नाही ना?”

“नाही.”

मे महिन्यात नर्स सुट्टीवर आली आणि वहिनीला भेटायला डोंबिवलीला येते म्हणाली. वहिनीला एकटीला धीर होईना, म्हणून मीही गेले. ठेंगणी, हसरी बाई. आत येताच वहिनीला मिठी मारली, माझ्या नावाने. दोघी रडल्या. मी चहा करून आणला.

“आणि तुमचं नाव?” तिने मला विचारलं.

मी वहिनीचं नाव सांगितलं. अडखळले नाही, याचंच मला नवल वाटलं.

“तुमची ही मैत्रीण फार मनापासून बोलते हो,” ती म्हणाली. मी मान हलवली.

तासाभराने ती निघाली. गल्लीच्या वळणावर थांबून मागे वळली, हात हलवला आणि माझं नाव घेऊन हाक मारली. मी ओ देणारच होते. वहिनीने आधी दिली.