‘चांगलं आहे,’ मी म्हणाले

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. निखिलला नाही — आणि तो माझा नवरा आहे. आईलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही काकूंना ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता आत ठेवणं जमतच नाही, म्हणून.

आधी माझं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. शिकागोजवळ आमची एक संशोधन संस्था आहे. आम्ही हॉस्पिटलांचा अभ्यास करतो. सर्जन किती हुशार आहे, हे नाही बघत. ऑपरेशननंतर पेशंट बिघडायला लागला, तर ते कुणाच्या लक्षात येतं का, किती लवकर येतं, आणि मग कुणी धावतं का — हे बघतो. कॉम्प्लिकेशन्स सगळीकडे होतात, उत्तम हॉस्पिटलातही होतात. माणूस वाचतो की नाही, ते त्यानंतरच्या काही तासांवर ठरतं. हे वाक्य मी कॉन्फरन्समध्ये इतक्यांदा बोलले आहे, की आता ते आलं की मी घाईनं पुढची स्लाइड लावते.

सुधाकरकाका आणि शैलाकाकू शिकागोच्या उपनगरातले, नेपरव्हिलचे. नात्यातले कुणी नाहीत. मी नागपूरहून इथे शिकायला आले, तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटले. काका रिटायर्ड इंजिनिअर. माझ्या पायातले कॅनव्हासचे बूट बघून त्यांनी कार्यक्रम संपायची वाटही बघितली नाही, बर्फाचे बूट घ्यायला थेट दुकानात घेऊन गेले. बर्फात ड्राइव्ह करायला त्यांनीच शिकवलं — रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये, मुद्दाम गाडी घसरवून. मी किंचाळायचे आणि ते शेजारी बसून हसायचे. माझ्या मुलीचं बारसं त्यांच्या बेसमेंटमध्ये झालं. पाळणा काकांनीच सजवला.

काकांच्या आतड्यात गाठ निघाली. लवकर सापडली होती. काढून टाकली की झालं, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन घराजवळच्या हॉस्पिटलात ठरलं, आणि काकूंचा फोन आला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत होते.

“मेधा, तू यातच काम करतेस ना गं? कसं आहे हे हॉस्पिटल? आमची रेवती म्हणतेय शिकागो सिटीत न्या. काका म्हणतात, उगाच एवढ्या लांब कशाला. तू सांग बाई. तू सांगशील तसं करू.”

तू सांगशील तसं करू.

ते हॉस्पिटल आमच्या अभ्यासात होतं. कोणत्या हॉस्पिटलचे आकडे कोणते, हे आमच्यातल्या मोजक्याच लोकांना माहीत होतं — त्यात मी होते. तिथे बिघडलेल्या पेशंटकडे फार उशिरा लक्ष जायचं. आमचे निष्कर्ष अजून छापून यायचे होते. नावं बाहेर सांगायची नाहीत, यावर मी सही केलेली होती. माझं ग्रीन कार्ड याच नोकरीवर अडकलेलं. हे सगळं खरं आहे. पण नाव घ्यायची गरज होती का? “सेकंड ओपिनियन घ्या काकू, रेवती बरोबर म्हणतेय” — एवढंच म्हणायचं होतं. एवढं तर कुणीही म्हणतं. त्यानं कुठला नियम मोडला असता?

मला भीती वाटली. उद्या काकू मंडळात कुणाला म्हणतील, मेधानं तिथे नको म्हटलं. मग ते बॉसच्या कानावर जाईल. बस, एवढीच भीती.

“चांगलं आहे काकू,” मी म्हणाले. “काळजी करू नका.”

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दोन दिवसांनी दुपारी मी भेटायला गेले, तर काका धापा टाकत होते. पोट फुगलेलं. कपाळाला घाम. मला बघून हसले — म्हणजे हसायचा प्रयत्न केला. काकू सारखी बेल दाबत होत्या. कुणी येत होतं, ऑपरेशननंतर असं होतं म्हणत होतं, आणि जात होतं. मॉनिटरवर नाडी पळत होती. मी काय बघतेय, हे मला कळत होतं. त्या खोलीत ते फक्त मलाच कळत होतं. आतली शिवण सुटली असणार, विष पसरत असणार — असे किती पेशंट मी कॉम्प्युटरवर बघितले होते!

“तू बोल ना त्यांच्याशी,” काकू म्हणाल्या. “तुझ्या भाषेत बोल.”

मी बाहेर गेले. काउंटरवर अगदी नम्रपणे विचारलं. डॉक्टर राउंडला येतील, असं उत्तर मिळालं. थँक्यू म्हटलं आणि परत येऊन खुर्चीत बसले. ओरडायला हवं होतं ना? सर्जनला आत्ता बोलवा, म्हणून तिथेच अडून बसायला हवं होतं. तुम्ही काय केलं असतंत? — नको, सांगू नका.

संध्याकाळी काकांना आयसीयूत हलवलं. मग पुन्हा ऑपरेशन. काका त्यातून उठलेच नाहीत.

पण मला जे सांगायचंय, ते याच्याही पुढचं आहे.

रेवती — त्यांची मुलगी, दुसऱ्या राज्यात, ट्रॉयला असते — तेराव्यानंतर हॉस्पिटलविरुद्ध तक्रार करायला निघाली होती. वकील बघून ठेवला होता. काकू म्हणाल्या, आधी मेधाला विचारू. दोघी माझ्या घरी आल्या. काकूंनी माझा हात धरला. “खरं सांग. दुसरीकडे नेलं असतं, तर वाचले असते का?”

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “नाही काकू. हे कुठेही झालं असतं.”

आणि मग आकडे सांगितले. खरे आकडे, सोयीचे तेवढे निवडून. माझी पदवी, माझा अनुभव, सगळं त्या वाक्याच्या मागे उभं केलं. रेवती रडायला लागली. “ओके. इफ यू से सो, मेधाताई,” म्हणाली. तक्रार झाली नाही. कुणीच काही तपासलं नाही. त्यानंतरही माणसं तिथे जात राहिली, खोल्यांमधून बेल दाबत राहिली. त्यांतली किती जणं घरी आली नाहीत, हे शोधणं माझ्या हातात आहे. मी ते कधी शोधलेलं नाही.

मी काकूंचं दुःख हलकं करत होते, असं बरेच दिवस स्वतःला सांगितलं. तेही खोटं. तपास झाला असता, तर मला आधीपासून माहीत होतं, हे उघड झालं असतं. किती आधीपासून, ते सांगते. काकांच्या आधी, त्याच वर्षी, निखिलचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. त्याच्या डॉक्टरनं हेच हॉस्पिटल सुचवलं होतं. मी त्याला सिटीत नेलं. “इथे पार्किंग फार कटकटीचं आहे,” म्हणाले. त्याला हसू आलं होतं. तेव्हा मी एक क्षणही विचार केला नव्हता. नियम आठवला नव्हता, सही आठवली नव्हती. माझा माणूस तिथे जाणार नाही, एवढंच माहीत होतं. काका माझे नव्हते का?

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. खुब्याचं ऑपरेशन करायचंय. “काकांच्याच हॉस्पिटलात ठरवलंय,” म्हणाल्या. “तू म्हणाली होतीस ना, चांगलं आहे.”

या वेळी मी बोलले. “तिथे नको काकू. सिटीत करू. मी घेऊन जाते.”

काकूंनी अगदी हळू विचारलं, “का गं? तुला काही कळलंय का? कधी कळलं?”

“आत्ताच,” मी म्हणाले.

ऑपरेशन छान झालं. काकू वॉकर घेऊन चालतात. परवा मंडळात त्यांनी सगळ्यांसमोर माझा हात वर केला आणि म्हणाल्या, हिच्यामुळे मी उभी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात सोडवून घेतला नाही.

आत्ताच कळलं नव्हतं. काका गेले, तेव्हा मला माहीत होतं. ते जिवंत होते, काकूंनी मला फोन करून विचारलं होतं, तेव्हाही माहीत होतं.