एक नंबर मोठे बूट
नव्या बुटांच्या रबराचा वास आला की मला आखातात नोकरीला असतानाचे, अल हिलालमधले आमचे शेजारी आठवतात. मूळचे त्रिनिदादचे, गॅस प्लांटवर वेल्डर, साठीला आलेले, आणि तिकडे सगळं घर त्यांच्या एकट्याच्या कष्टावर. त्यांच्या हॉलमध्ये कायम एक निळं पिंप असायचं. दर शुक्रवारी ते त्यात साबण, कपडे, नातवंडांचे बूट भरायचे आणि पिंप गच्च झालं की बोटीने घरी पाठवायचे. बूट मात्र नेहमी एक नंबर मोठे, कारण पिंप पोचेपर्यंत पाय वाढलेले असायचे. एका शुक्रवारी मला नाशिकहून फोन आला, की मुलगी सातव्या महिन्यातच झाली, काचेच्या पेटीत ठेवलंय. मी त्यांच्या दारात नुसता जाऊन उभा राहिलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पिंपात खांद्यापर्यंत हात घातला आणि लाल बुटांचा एक जोड काढून माझ्या हातात ठेवला. "अंकल, हे तर चालणाऱ्या पोराचे आहेत," मी म्हणालो. "मग? ती काय पेटीतच राहणार आहे?" परवा ते गेल्याचं कळलं. आज मुलीला शाळेचे बूट घेतले, तर ती कुरकुरली, "बाबा, टू बिग." म्हटलं, असू देत, तू वाढणारेस.