सुजाता मॅडमचं लोखंड

लॅबच्या वरच्या फळीवर बाटल्या साठतात ना, तसे हे किस्से साठतात. उतरवून पुसायला घ्यावं तर एकही टाकून देववत नाही! मी बारामतीतल्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबचा शिपाई होतो. शाळेचं तोंड पाहिलं नाही, अक्षरं म्हातारपणी लेकीनं शिकवली. बाटल्या मात्र वासानं आणि बुचावरनं ओळखायचो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. सुजाता मॅडम लासुर्ण्याहून एसटीनं यायच्या, तास घ्यायच्या आणि उरलेल्या वेळात पीएचडी करायच्या. विषय लोखंड. पण आपल्या विळ्या-कोयत्याचं नव्हे, थंडीनं आणि उजेडानं गुण बदलणारं! त्यांचे पुण्याचे गाईड सर म्हणायचे, "असलं काम मोठ्या संस्थेत होतं. दिवाळीच्या आत ते बदलणं मला डोळ्यांनी बघू दे, नाहीतर विषय बदल." म्हणजे मॅडमची दोन वर्षं वाया!

*

थंडी म्हणजे पहाटेची नव्हे. फूल बुडवलं तर काचेसारखं फुटावं, असली. लिक्विड नायट्रोजनची. ती बारामतीत कुठं मिळायची? गुरांच्या दवाखान्यात! गाई भरवायचं बीज तिथं त्यातच ठेवतात.

एकदा मी थर्मास घेऊन मॅडमच्या मागं उभा. रांगेत पिंपळीचे एक आबा गाय घेऊन आलेले.

"पोरी, तुजी गाय कुठं हाय?"

"गाय न्हाय आबा, लोखंडासाठी पायजे."

आबांनी थर्मासातनं निघणारा पांढरा धूर बघितला, मॅडमना आपादमस्तक न्याहाळलं, आणि डॉक्टरांना म्हणाले, "सायेब, लोखंड गाभण राह्यलं तर एक कालवड आमास्नी सांगून ठिवा!"

*

त्याच दिवशी मॅडम नळी थर्मासात सोडून तासाला गेल्या. "तात्या, लक्ष ठेवा हं."

नळीत मॅडमचं ते लोखंड, म्हणजे बेसनासारखी पिवळी भुकटी. बघता बघता ती काताच्या रंगाची झाली! करपली! एवढ्या गारठ्यात काही करपतं का, हे सुचलंच नाही. चिमट्यानं नळी बाहेर काढून धरली, तर हळूहळू परत पिवळी! बुडवली, कात. काढली, बेसन. मॅडम परत आल्या तेव्हा मी सातव्यांदा बुडवत होतो.

"तात्या, काय चाललंय?"

"मॅडम, माज्याकडनं खराब झालं. पण दर खेपेला दुरुस्त बी होतंय!"

मॅडम रागावतील म्हटलं, तर त्या स्टुलावर बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या. "तात्या, हेच तर बघायला मी दोन वर्षं बसलेय!"

*

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. लोखंडाच्या कणात आणखी बारीक कण असतात, त्यातल्या सहांची ही गंमत. थंडीत ते दोघं-दोघं जोडीनं बसतात. ऊब आली की सहातले चौघं वेगवेगळे होतात. जोडीनं बसलेल्यांना चुंबक ओळख देत नाही, सुट्यांना ओढतो.

मी म्हटलं, "म्हंजी आमच्या घरावानी. थंडीत दोघांत एक घोंगडं, उन्हाळ्यात ज्याची त्याची बाज अंगणात."

मॅडमनी वही काढून ते लिहून घेतलं. माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं!

*

चुंबकाचं ओढणं तोलायला एक तराजू होता. त्याला नळी टांगायची, खाली विजेचा भला मोठा चुंबक. पिवळी भुकटी चुंबक लावला की जड भरायची, गार तपकिरी तेवढी भरायची नाही.

खंडेनवमीला मी सगळ्या यंत्रांची पूजा केली. मॅडम पूजेला हात लावत नसत, गूळ-खोबरं मात्र आवडीनं खायच्या. हळद-कुंकू काचेवर टिकेना, म्हणून टांगलेल्या नळीला मी गेरूचा एक टिपका लावला. पाठीमागनं, दिसू नये असा.

दसऱ्यानंतर दोन दिवस मॅडम डोकं धरून बसलेल्या. "तात्या, थंडीतपण ओढतंय हो! माझं सगळं चुकलंच की काय!" जेवणाचा डबा तसाच.

मला राहवलं नाही. हात जोडून टिपका दाखवला.

मॅडमनी टिपका नखानं खरवडून बघितला. म्हणाल्या, "तात्या, गेरू म्हणजे लोखंडाचीच माती. तराजू खरं बोलत होता. एवढासा टिपकापण त्यानं सोडला नाही!"

आणि डबा उघडला.

*

दिवाळीच्या आधी सर आले. थंडीचा रंग बघून म्हणाले, "ठीक. पण उजेडाचं काय?"

मॅडमचं म्हणणं असं, की गारठ्यात तपकिरी झालेल्या भुकटीवर हिरवा उजेड टाकला, तर ती गार असूनही पिवळी होईल. उजेड काढल्यावरही काही मिनिटं तशीच राहील. त्यासाठी प्रोजेक्टरला हिरवा जिलेटिन कागद बांधलेला. नळी आरपार दिसणाऱ्या काचेच्या थर्मासात. मॅडमनी बटण दाबलं.

लाइट गेली!

नायट्रोजन उडून चाललेला. दवाखान्यातला संपलेला. सरांनी घड्याळ बघितलं, बॅग उचलली.

मी म्हटलं, "मॅडम, उजेडच पायजे ना? भाईर पडलाय की ढीगभर!"

मुलींच्या खोलीतला मोठा आरसा उचलून अंगणात गेलो. मॅडमनी खिडकीच्या काचेला हिरवा कागद लावला, बाकीच्या खिडक्यांचे पडदे ओढले. मी कवडसा बरोबर त्या खिडकीत धरला. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर. आतलं मला काही दिसेना.

बऱ्याच वेळानं सर बाहेर आले. चष्मा काढून पुसत होते.

"तिला सांगितलंय, विषय हाच राहील." मग त्यांनी माझ्या हातातला आरसा घेतला. "तुम्ही आत जा, तात्या. मी धरतो."

आत अंधार, आणि त्या अंधारात हिरवी तिरीप. मॅडमनी मला थर्मासाजवळ ओढलं आणि नळीवर हिरवा उजेड पडू नये म्हणून मधे वही धरली. खरा रंग दिसायला साधा उजेड हवा, म्हणून दुसऱ्या हातानं कोपऱ्यातला पडदा बोटभर सारला. पांढऱ्या धुरात, असल्या गारठ्यात, भुकटी पिवळीधमक!

बाहेरनं सरांची हाक आली, "तात्या, दिसलं का?"

मी म्हणालो, "सर, हलू नका!"