टाचण्यांची बाजू

तिला घरी आणि शाळेत दोन्हीकडे बगळी म्हणत. नाव मावशीने ठेवलेलं. पोरगी उंच, मानेने लांब, एका पायावर भार टाकून एकाच जागी बराच वेळ उभी राहायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. एकदा विसरलेली वही द्यायला मावशी शाळेत आली, तिने फाटकातूनच "अगं बगळे" अशी हाक मारली, आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गानेही तेच नाव उचललं. बगळीला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. निदान कुणीतरी काहीतरी म्हणतंय, एवढंच तिला वाटलं.

अकरावीला प्रत्येकाला एक कलेचा विषय घ्यावाच लागे. गाण्यात तोंड उघडावं लागतं, नाटकात तर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलावं लागतं, चित्रकलेत तिचा हात चालत नव्हता. उरली फोटोग्राफी. कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की कुणाशी बोलायची वेळ येणार नाही, असा तिचा अंदाज. वर्गात मुलं तेवीस आणि शाळेचे कॅमेरे अकरा. सरांनी दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि बगळी एकटी उरली. सरांनी आपल्या पिशवीतून स्वतःचा जुना कॅमेरा काढून तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, याचा पट्टा गळ्यात घातल्याशिवाय हात लावायचा नाही. बस्स, झाली तिची जोडी.

सर पूर्वी एका वर्तमानपत्रासाठी फोटो काढायचे. गुडघा कामातून गेला तेव्हा शाळेत आले. कौतुक करायची त्यांना सवय नव्हती. बगळीने पहिल्या महिन्यात काढलेले चाळीस-पन्नास फोटो त्यांनी एकामागून एक पाहिले. खुर्ची, नळ, सायकल, दप्तर, सगळं कसं बरोबर मधोमध.

"तू फोटो काढत नाहीस," ते म्हणाले, "हजेरी घेतेस. खुर्ची आहे का? हजर. नळ आहे का? हजर."

मुलं हसली. बगळीही हसली, कारण ते खरं होतं.

घरी ती आणि मावशी, दोघीच. वडील ती तीन वर्षांची असतानाच गेले होते, आणि आई दोन वर्षांपूर्वी परदेशी गेली होती, एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायला, त्यांच्याच घरात राहून. मावशीचं लग्न झालेलं नव्हतं. ती कपड्यांचं अल्टरेशन करायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाची चेन बदल, कुणी जाड झालं की शिवण उसव, बारीक झालं की आत घे. "माणसं बदलतात, कपडे बिचारे तिथेच राहतात," असं ती म्हणायची. बाहेरच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत एक लांब दांडी होती आणि तिच्यावर परक्यांचे कपडे दाटीने टांगलेले असत. बगळीचा पलंग त्या कपड्यांच्या पलीकडे होता. झोपायला जायचं तर कोटांच्या बाह्या बाजूला सारून आत शिरावं लागे.

आईशी फोनवर बोलणं फार होत नसे. त्या म्हाताऱ्या बाईंची झोप सावध. भिंतीपलीकडे कुजबूज झाली तरी त्या दचकून उठत. म्हणून मायलेकींनी एक रीत पाडली होती. दर रविवारी आईने एक फोटो पाठवायचा, लेकीने एक पाठवायचा. आईच्या फोटोत एक छान पांढरी भिंत असे, मोठी खिडकी, कोपऱ्यात फुलदाणी. आई कधी निळ्या स्वेटरमध्ये, कधी फुलाफुलांच्या झग्यात, हसत उभी. खाली लिहिलेलं असे, 'मजेत आहे. तू?'

बगळीच्या फोटोची तयारी मावशी करायची. दांडीवर शिवून तयार असलेला, अजून न नेलेला एखादा चांगला कपडा ती उतरवायची आणि बगळीला घालायची. कपडा बहुधा ढगळ असायचा. मग मावशी मागच्या बाजूला चिमटीत पकडून टाचण्या लावायची, मानेपासून कमरेपर्यंत. पुढून बघावं तर अगदी मापाचा. फोटो निघाला की टाचण्या डबीत आणि कपडा पुन्हा दांडीवर.

"तिला बरं वाटतं बघून," मावशी म्हणायची. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

हजेरी घेणाऱ्या या मुलीला सरांनी पुढे एकच काम दिलं. एक पांढरा कप घे, खिडकीत ठेव, आणि रोज मधल्या सुट्टीत त्याचा एक फोटो काढ. दोन महिने. बगळीला आधी ती शिक्षाच वाटली. पहिल्या आठवड्यात कप म्हणजे कपच दिसला. दुसऱ्या आठवड्यात तिला सावली दिसायला लागली. ढग असला की सावलीची कड मऊ होते, ऊन असलं की सुरीसारखी होते. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की कप तिथेच आहे, वेळ तीच आहे, पण खिडकीच्या गजाची सावली, जी पूर्वी कपाच्या कानावर पडायची, ती आता कप सोडून भिंतीवर चढली आहे. तिने सरांना दाखवलं. सूर्य रोज थोडी वाट बदलतो, सर म्हणाले, आपण बघत नाही एवढंच. आणि तिला म्हणाले, आता कप राहू दे, बाहेर जा.

त्यानंतर तिच्या फोटोंत फरक पडला. वस्तू कडेला सरकल्या, मधे जागा राहू लागली. रिकाम्या वर्गात फळ्यावर पडलेला उन्हाचा तुकडा, जिन्यात भिंतीला लागून चाललेल्या शिपाईकाकांची सावली. ती सुट्टीत एकटीच फिरायची, पण आता एकटं फिरायला कारण होतं. काही दिवस तिला हे पुरेसं वाटलं.

मग सरांनी सांगितलं की घरातला कुणाचाही जुना फोटो आणा आणि उजेड कुठून येतोय, वेळ कोणती, ते वर्गाला सांगा. बगळीने दुपारी पलंगावर बसून फोनमधले आईचे गेल्या नऊ महिन्यांचे फोटो उघडले. कुठला न्यावा हे ठरवायला तिने ते एकामागून एक पाहिले, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. निळ्या स्वेटरच्या फोटोत आईच्या खांद्यामागे गजाची तिरपी सावली होती. झग्याच्या फोटोतही होती, तिथेच. थंडीतला फोटो, उन्हाळ्यातला फोटो, सावली तिथल्या तिथे, बोटभरही हललेली नाही. तिने फुलदाणी मोठी करून पाहिली. एक पान अर्धं मोडून लोंबत होतं. सगळ्या फोटोंत तेच पान, तसंच लोंबणारं.

नऊ महिन्यांचे हे सगळे फोटो एकाच दुपारचे होते. आईने कपडे बदलून बदलून ते एका तासात काढले होते आणि दर रविवारी एकेक पाठवत होती.

वर्गात तिने दुसराच फोटो नेला, मावशीच्या लहानपणीचा, आणि दोन वाक्यांत आटपून खाली बसली. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

मावशीला मात्र तिने विचारलं. मावशी मशीनवर होती. तिने फोनकडे पाहिलं, टीप पुरी केली, दोरा तोडला आणि मग सगळं सांगितलं. त्या म्हाताऱ्या बाईंना त्यांची सून एकदा दिवसभर बाहेर घेऊन गेली होती, तेव्हा दिवाणखाना मोकळा मिळाला. एरवी आईला तिथे बसायची मुभा नव्हती. दोन झगे तर म्हाताऱ्या बाईंचेच होते. मावशीला हे पहिल्यापासून माहीत होतं.

"मला खोटं सांगत होतात तुम्ही दोघी," बगळी म्हणाली.

"हो," मावशी म्हणाली. "आणि तू काय पाठवत होतीस? तो कोट काय तुझ्या बापाचा होता?"

 बगळी बाह्या सारून आत गेली आणि पलंगावर बसून राहिली. आपल्याला आईची आठवण येते असं ती इतके दिवस धरून चालली होती. आज तिला कळलं की आई कुठे बसते, कुठे झोपते, दुपारी कशाकडे बघते, यातलं आपल्याला काहीच माहीत नाही. आठवण काढायची तरी कशाची?

दोन रविवार तिने फोटो पाठवला नाही. परीक्षा आहे असं लिहिलं. आईचा फोटो मात्र आला, खांद्यामागे तीच सावली.

वर्षअखेरीला प्रत्येकाने सहा फोटो लावायचे होते, शाळेच्या लांब व्हरांड्यात. बगळीने सरांचा कॅमेरा दोन दिवस घरी मागून आणला. मावशीची बोटं काढली, सुईत दोरा ओवतानाची. दांडीवरच्या कपड्यांच्या फटीतून दिसणारा आपला पलंग काढला. मग तिने मावशीला सांगितलं, मला तो लांब काळा कोट घाल, नेहमीसारखा. मावशीने घातला, टाचण्या लावल्या आणि फोन हातात घेतला. बगळी म्हणाली, फोन नको. तिने कॅमेरा मशीनवर ठेवला, टायमर लावला, आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहिली.

फोटोत खिडकीचा उजेड एका बाजूने येत होता. कोट काळा, खोली अंधारी, आणि मानेपासून कमरेपर्यंत टाचण्यांची एक चकाकती रांग, मधेमधे चिमटीत पकडलेलं कापड. चेहरा नव्हताच.

मावशीने फोटो पाहिला आणि घाबरली. ज्यांचा कोट होता त्या बाई शाळेच्याच रस्त्याने जात-येत. त्यांनी ओळखला तर गिऱ्हाईक तुटेल. हात दाखवून अवलक्षण कशाला? बगळीने फोटो पुन्हा मोठा करून दाखवला. कोट कुणाचाही असू शकत होता, काळोखात फक्त टाचण्या ओळखू येत होत्या. मावशीने बोटाने एकेक टाचणी मोजली. शेवटी म्हणाली, तिसरी टाचणी वाकडी लागलीय, आधी सांगितलं असतंस तर नीट लावली असती.

सरांनी तिचे सगळे फोटो टेबलावर पसरले. हा फोटो त्यांनी उचलला, खिडकीशी नेला, परत आणून ठेवला.

"हा मी काढलेला असता तर किती बरं झालं असतं," ते म्हणाले. एवढंच. पण त्या दिवशी घरी जाताना बगळी दोनदा रस्ता चुकली.

फोटो व्हरांड्यात लागला. मावशी गळ्यातली मापाची टेप न काढताच आली, भाचीच्या फोटोंसमोर उभी राहिली, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी पालकांना उगाचच सांगू लागली की बोटं माझी आहेत. बाकीच्यांच्या फोटोंपुढे त्यांचे मित्र घोळका करून उभे होते. बगळीच्या फोटोंपुढे लोक थांबत, बघत आणि पुढे जात. 

आईला तो टाचण्यांचा फोटो पाठवायला तिला आणखी तीन रविवार लागले. पाठवला तेव्हा खाली काहीच लिहिलं नाही. आईने तो पाहिल्याची खूण लगेच दिसली, उत्तर मात्र आलं नाही. पुढच्या रविवारी आईचा फोटो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बगळी फोन उलटा ठेवायची, पुन्हा सुलटा करायची. आपण फार दुखावलं तिला, असं तिला वाटू लागलं. मावशी म्हणाली, थांब जरा, ती माझी बहीण आहे, तिला रुसायलाही वेळ लागतो आणि रुसवा सोडायलाही.

मग एका मंगळवारी फोटो आला. अस्पष्ट, वाकडा. एक चिंचोळी खोली, कपडे धुण्याचं मशीन, त्याला खेटून घडीची खाट, मशीनवर कंगवा, औषधांचा डबा आणि बगळीचा लहानपणीचा एक फोटो. आई त्यात नव्हती. खाली लिहिलं होतं, 'इथे झोपते मी. खिडकी नाही.'

बगळीने तो फोटो पाहिला आणि खूप वेळ रडली. रडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की उजेड वरच्या बल्बचा आहे, म्हणून सगळं सपाट दिसतंय. तिने आईला लिहिलं, दार अर्धं उघड, बाहेरचा उजेड आत येऊ दे, मग काढ. दोन दिवसांनी दुसरा फोटो आला. दार अर्धं उघडं, खाटेवर उजेडाचा पट्टा. आईने विचारलं होतं, 'असा?'

त्यानंतर रविवारची रीत मोडली. आई कधीही काहीही पाठवू लागली. म्हाताऱ्या बाईंची काठी, दाराशी ठेवलेल्या चपला, वाफेने धुरकटलेली काच. बगळी सांगायची, जरा जवळ जा, मधोमध नको. करार संपला की आई परत यायची होती, ती आलीच नाही. कराराची मुदत आणखी दीड वर्ष वाढली, आणि ते तिने फोटोखालीच लिहून कळवलं. बगळी बारावीत गेली. तिचा कलेचा विषय संपला होता. सुट्टीत ती अजूनही एकटीच असायची, फक्त कॅमेरा नसायचा.

एका सकाळी जिन्यात उभी असताना फोन वाजला. आईने बाहेरचा फोटो पाठवला होता, पहिल्यांदाच. ओला रस्ता, बसथांब्यावर पाठमोरी तीन माणसं, त्यांच्या पायांशी ताणलेल्या लांब सावल्या. फोटो चांगला होता. खरंच चांगला होता. तिला तो कुणाला तरी दाखवायचा होता, आत्ता, लगेच, आणि जिन्यात कुणी नव्हतं.

ती फोटोग्राफीच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिली. आत यंदाची मुलं बसली होती. सरांनी मान वर करून काय हवंय असं खुणेनं विचारलं. तिने फोन पुढे धरला.

"माझ्या आईने काढलाय," ती म्हणाली. शाळेत आईचं नाव काढायची तिची ही पहिलीच वेळ.

सरांनी चष्मा कपाळावर सारला, फोन डोळ्यांजवळ नेला. "कुठे असते आई?"

"लांब."

"बस," ते म्हणाले. "तास संपू दे. मग सावकाश बघू."

बगळी मागच्या बाकाकडे गेली. तिथली एक मुलगी, जिला ती ओळखत नव्हती, दप्तर मांडीवर घेऊन थोडी आत सरकली.