डेकवरचे काळे ठिपके

श्रीरंग तीन वर्षं अमेरिकेत राहून आला आणि बंगळुरात मारतहळ्ळीतल्या घराच्या गच्चीवर त्यानं सागवानी फळ्यांचा डेक करून घेतला. गल्लीत डेक म्हणजे कॅसेटी वाजवायचा. त्यामुळे पहिले आठ दिवस लोक विचारत होते, आवाज कसा आहे. त्या डेकपायी त्याच्या बायकोची, सुचेताची तुळस पाण्याच्या टाकीमागे गेली. तुळशीला ऊन लागतं, हे त्याला अमेरिकेत कोणी सांगितलं नसावं.

वर्षभरात धुळीनं आणि कबुतरांनी डेकचं जे करायचं ते केलं. आता शनिवारी कंपनीचे बडे साहेब जेवायला येणार होते. त्याआधी लाकूड स्वच्छ करून त्यावर सीलरचा, म्हणजे पाणी मुरू न देणाऱ्या रोगणाचा, हात मारायचा, असं श्रीरंगनं ठरवलं. स्वच्छ अर्थात कामवाल्या भागुबाईनं करायचं.

भागुबाई निपाणीकडची. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी बंगळुरात आली. नवरा गेला, ती राहिली. शेजारच्या कानडी धनलक्ष्मीअक्कांनी शब्द टाकून तिला तीन घरची कामं मिळवून दिली होती. अक्कांचं मन फिरलं की तिन्ही दारं बंद, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी तिनं सोड्याच्या पाण्यानं आणि नारळाच्या काथ्यानं, लाकडाच्या रेषा धरून, सगळा डेक घासला. लाकूड उजळलं. श्रीरंगला मात्र एका कोपऱ्यात हिरवट दिसलं. ती गेल्यावर त्यानं हाफ पँट चढवली, भांड्यांची लोखंडी तारेची घासणी घेतली आणि झाडून सगळ्या ओल्या फळ्या खरवडल्या. अमेरिकेत माणसं आपली कामं आपण करतात, हे तो दर दहा मिनिटांनी वरून ओरडून सांगत होता. चहा सुचेतानंच वर नेला.

सोमवारी सकाळी डेकभर काळे ठिपके. अंगावर देवी याव्यात तसे. श्रीरंगनं भागुबाईला वर बोलावलं आणि कठड्याशी उभं राहून, या बाईनं घाणेरड्या पाण्यानं लाकडाची वाट लावली, असं गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. हिंदीत, रागवायला त्याला ऑफिसची भाषा लागे. शेजारच्या गच्चीवर अक्का कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि बादली उचलून त्या खाली गेल्या.

अक्कांनी ऐकलं, आता तिन्ही दारं गेली, असं भागुबाईनं धरलं. तशीच ती खाली बसली आणि तिनं एका ठिपक्यावरून बोट फिरवलं. बोटाला तारेचा बारीक तुकडा टोचला. मग तिला उमगलं. ओली राहिली की विळीची फळी पात्याखाली अशीच काळी पडते. आई ती लिंबूमीठ लावून काढायची. ती स्वयंपाकघरात गेली; लिंबू देताना सुचेतानं रविवारची सगळी हकीकत तिच्या कानावर घातली. वर येऊन तिनं एक फळी चोळली, थोडं थांबून पुसली. ठिपके गेले.

श्रीरंगचा चेहरा खुलला. सगळ्या फळ्या आजच कर, सीलरआधी दोन-तीन दिवस सुकायला हवं, म्हणाला.

भागुबाईनं लिंबू खाली ठेवलं.

“करते की. पर तार कुणी घासली, ते आदी अक्कास्नी सांगा.”

तो सॉरी म्हणाला.

“मला न्हाई ओ सायेब, अक्कास्नी. जिथनं मला बोललासा, तिथनंच.”

त्यानं सुचेताकडे पाहिलं. ती टाकीमागे तुळशीला पाणी घालत होती, आणि तुळशीला त्या दिवशी फारच पाणी लागलं.

त्याला कन्नड यायचं ते ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, एवढंच. भागुबाईनं त्याच्याकडून ‘तप्पु नंदु’ घोकून घेतलं: चूक माझी. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात दोनशे माणसांपुढे भाषणं देणारा श्रीरंग कठड्याशी जाऊन, अक्कांना हाक मारून पुटपुटला.

“एनु?” काय म्हणालात, असं विचारत अक्का पुन्हा आपल्या गच्चीवर आल्या.

तो पुन्हा म्हणाला. अक्कांनी कानामागे हात धरला. तिसऱ्या वेळी समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकंही रस्त्यावर आली.

अक्का गोंधळल्या. कसली चूक, त्यांनी भागुबाईला कन्नडमध्ये विचारलं. सकाळी साहेब काहीतरी ओरडत होते खरे, पण हिंदीत. आपल्याला त्यातलं अक्षर कळलं नाही.

श्रीरंगनं कठडा घट्ट धरला.

भागुबाईनं पदर खोचला आणि खणखणीत कन्नडमध्ये सगळं पहिल्यापासून सांगितलं, हाफ पँटीसकट. मग खाली बसून तिनं पुढची फळी घेतली.